फाईल कुणाच्या हातात

परवा रात्री तू फोनवर पाऊण तास बोललास. गाठ केवढी आहे, बायोप्सीत काय आलं, टाटा हॉस्पिटलची मंगळवारची तारीख कशी मिळाली, सगळं सांगितलंस. सूनबाई कशी आहे विचारलं तर म्हणालास, "तिला अजून सांगितलं नाहीये मावशी. साधी गाठ आहे, मुंबईला एकदा दाखवून येऊ, एवढंच म्हटलंय. उगाच घाबरायची." त्या पाऊण तासात तिचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या वाजत होत्या. म्हणजे ती तिथंच होती, चार पावलांवर.

म्हणून लिहायला बसले. फोनवर तू ऐकून घेणार नाहीस. तुझा स्वभाव तुझ्या आईवर गेलाय, समोरच्याचं वाक्य तूच पुरं करतोस.

अरे बाळा, टाटाच्या दारात तिला उभं करून काय सांगणार आहेस? गळू झालंय म्हणून? तिला पाटी वाचता येते. फुटपाथवर कठड्याला एक्स-रेच्या पिशव्या अडकवून बसलेली माणसं दिसतात, नाकात नळी घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली. आणि खरं सांगू? तिला आत्ताच ठाऊक असणार. बायको नवऱ्याचा चेहरा रोज वाचते, त्याला बायोप्सी लागत नाही.

मला २००२ साली स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा मी सत्तेचाळीसची होते. डाव्या बाजूला गाठ. आंघोळ करताना मलाच लागली होती हाताला. तुझ्या काकांनी अगदी तुझ्यासारखंच केलं. जयसिंगपूरहून आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. ज्या माणसानं उभ्या जन्मात मला चहा विचारला नाही, त्यानं मिरज ते कराड तीनदा विचारलं, "चहा घेतेस का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मला कळलं. मग रात्रभर मी खालच्या बर्थवर जागी, हे वरच्या बर्थवर जागे, आणि दोघंही झोपल्याचं सोंग करून पडलेलो. सकाळी दादरला उतरलो तेव्हा दोघांचे डोळे लाल. हे म्हणाले, "गाडीत झोप लागत नाही हल्ली." मी म्हटलं, "हो ना."

त्या रात्री कुणीतरी माझा हात धरायला हवा होता. धरणारा माणूस दीड हात उंचीवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ते एक मी त्यांना पुढं कित्येक वर्षं बोलून दाखवलं.

तेव्हा मंगळवारची वाट बघू नकोस. आज रात्री जेवणं झाल्यावर, मुलं निजली की बस तिच्यापाशी. टीव्ही बंद कर. 'कॅन्सर' हाच शब्द वापर; आपल्याकडे 'तसलं काहीतरी', 'तो आजार' म्हणतात, त्यानं भीती दुप्पट होते. जेवढं कळलंय तेवढं सांग, जे कळलं नाही ते कळलं नाही म्हण. आणि मग गप्प बस. हे गप्प बसणंच पुरुषांना जमत नाही. ती रडेल, नाहीतर तुझ्यावर चिडेल, नाहीतर एकदम धाकटीच्या परीक्षेचं काढेल. जे काढेल ते ऐक. उठून पाणी आणायला जाऊ नकोस. पाणी आणायला जाणं म्हणजे पळून जायची सभ्य रीत असते.

आता फाईलचं सांगते.

बरी झाल्यावर मी अकरा वर्षं आठवड्यातून दोन दिवस एका रुग्णालयात बसायला जायची. पगारी नाही, नुसतं नव्या पेशंटांशी बोलायला. बाकावर बसून बसून मला एक खोड लागली. समोरून जोडपं आलं की मी पहिल्यांदा बघायची, फाईल कुणाच्या हातात आहे. दहातल्या नऊ वेळा नवऱ्याच्या काखेत. आत डॉक्टर बाईला विचारतात, "भूक लागते का?" उत्तर नवरा देतो, "हो हो, खाते की व्यवस्थित." "झोप?" "झोपते." ती बिचारी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलेली. बाहेर आल्यावर माझ्या कानाशी लागून सांगायची, "मावशी, आठ दिवस झाले, अन्नाचा वास नको झालाय. पण ह्यांनी खाते म्हणून सांगितलं, आता खोटं कसं पाडू?"

ह्यातला एकही नवरा वाईट नव्हता. कुणी शेत गहाण टाकून आलेला, कुणी बिनपगारी रजेवर. पण आजार त्यांनी बायकोकडून काढून आपल्या ताब्यात घेतला होता, जसं बँकेचं पासबुक घेतात तसं. आजार तिचा आहे रे. तिच्या अंगात आहे. तो तिच्याकडून काढून घेऊ नकोस, आणि तिला त्याच्यापाशी एकटीला टाकूही नकोस. मला सांगायचंय ते एवढंच आहे. बाकीचं ते रोजच्या रोज कसं करायचं, त्याचं.

मंगळवारी फाईल तिच्या हातात दे. जड झाली तर पिशवी तू घे. डॉक्टर बोलतील तेव्हा तू लिहून घे, उत्तरं तिला देऊ दे. अडखळली तर थांब. निघायच्या आधी रात्रीच दोघं बसून काय काय विचारायचं ते कागदावर काढा. काही बायकांना खरंच आत जाऊन आकडे ऐकायचे नसतात, "तुम्हीच ऐका आणि मला सांगा" म्हणतात. ती तसं म्हणाली तर तसं कर. पण तिला विचारून.

परळला बसून राहावं लागेल, तासन् तास. तेव्हा तिला सांगायला एक गोष्ट देते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. दोराबजींनी बायकोच्या नावानं १९३२ मध्ये ट्रस्ट काढला, ह्या आजारावर संशोधन व्हावं म्हणून, आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढं दोराबजींच्या ट्रस्टनं १९४१ मध्ये परळचं रुग्णालय उभं केलं. म्हणजे त्या भिंतींच्या मुळाशी एका नवऱ्याचं दुःख आहे. ही गोष्ट मला तिथल्याच एका बाकावर शेजारच्या पारशी आजींनी सांगितली. मी ह्यांना म्हटलं, बघा. हे म्हणाले, "माझी ऐपत मऊ भाताची आहे." तो भात मात्र त्यांनी सहा महिने केला.

सगळीकडे असं नसतं. आमच्या रुग्णालयात एकदा एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक पाहणी सांगितली होती. अमेरिकेतली, २००९ साली छापून आलेली. गंभीर आजाराचे ५१५ पेशंट, त्यातले बरेचसे मेंदूतल्या गाठीचे आणि इतर कॅन्सरचे. नवरा आजारी पडला तर संसार मोडायचं प्रमाण २.९ टक्के. बायको आजारी पडली तर २०.८. आम्ही सगळ्या गप्प. मग मागून एकजण म्हणाली, "आपल्याकडे कोर्टात जात नाहीत बाई, माहेरी धाडतात." तेही खरंच. वॉर्डात बाईच्या उशाशी भाऊ नाहीतर म्हातारी आई दिसली, आणि नवऱ्याचं विचारल्यावर "त्यांना कामातून सुट्टी मिळत नाही" हे उत्तर चौथ्यांदा आलं, की आम्ही पुढं विचारायचं सोडून द्यायचो.

त्याच बाईंनी दुसरीही सांगितली, २०१३ ची. सात लाख चौतीस हजारांवर कॅन्सरचे पेशंट तपासले, तर लग्न झालेल्यांत कॅन्सरनं मरायचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी. त्यांचा आजार लवकर सापडतो आणि योग्य उपचारही जास्त जणांना मिळतात, असं त्यात दिसलं. मंगळसूत्रात काही औषध नसतं. मागं लागून डॉक्टरकडे नेणारं आणि डोसाची तारीख लक्षात ठेवणारं माणूस घरात असतं, त्याचा तो गुण.

तारखा लक्षात ठेवण्यात तुझ्या काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. कारखान्यात अकाउंटला अख्खी नोकरी काढलेली. बोलणं कमी, लिहिणं जास्त. ऑपरेशन टाटाला झालं, मग केमोचे सहा डोस मिरजेला, एकवीस-एकवीस दिवसांनी. ऑपरेशनपासूनच ह्यांनी एक वही घातली, लाल कापडी पुठ्ठ्याची, कारखान्यात असते तसली. तारीख, ताप, उलट्या किती, काय खाल्लं, काय टाकलं. मला तेव्हा राग यायचा. मी काय ऊस आहे का, वजनकाट्यावर घालायला? पण तिसऱ्या डोसापर्यंत ह्यांना माझं वेळापत्रक माझ्यापेक्षा चांगलं कळायला लागलं. डोसाच्या दिवशी मी बरी असायची. दुसऱ्या दिवशीही. चौथा दिवस वाईट. हे चौथ्या दिवशी रजा टाकायला लागले. आधी सगळे नातेवाईक डोसाच्या दिवशी गर्दी करायचे आणि चौथ्या दिवशी घरात चिटपाखरू नसायचं. तिचा वाईट दिवस कुठला ते शोधून काढ, आणि त्या दिवशी घरी राहा. प्रत्येकीचा वेगळा असतो.

त्याच वहीनं एकदा घोळ घातला होता. दुसऱ्या डोसानंतरची गोष्ट. रात्री परसात हे आणि तुझे मोठे काका बसले होते. मी झोपलेय असं समजून हे वही उघडून खर्च वाचत होते. इंजेक्शन एवढं, खोली एवढी, जाणं-येणं एवढं, आणि मग म्हणाले, "ह्या उलटीच्या गोळ्याच बघ, एकेक केवढ्याला पडतेय." सूर तक्रारीचा नव्हता, नुसता हिशेब होता. पण खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी घ्यायची बंद केली. पाण्याचा घोट घ्यायची आणि गोळी उशीच्या अभ्र्यात सरकवायची. तीन दिवस पोटात काही ठरेना. चौथ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडले. गावातल्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं, त्याचं बिल गोळ्यांच्या कितीतरी पट झालं. घरी आल्यावर चादरी बदलताना ह्यांना अभ्र्यात गोळ्या सापडल्या. सात होत्या. हातावर घेऊन हे पलंगाच्या काठावर बसले, आणि मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं. सासरे गेले तेव्हाही रडले नव्हते.

त्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढं उघडली. हे जमा, हे खर्च, हे भावाकडून, हे सोसायटीचं कर्ज, एवढं अजून लागेल. आकडा वाचून मला उलट हलकं वाटलं. मी मनात त्याच्या दुप्पट धरून बसले होते. तेव्हा पैशाची गोष्ट तिच्या मागं बोलू नकोस. पुढ्यात बोल. तुमच्या वेळेला योजना आहेत, महात्मा फुले योजना आहे, रेल्वेत पेशंटला आणि सोबत्याला सवलत आहे, त्याचे कागद तिला बरोबर घेऊन भर. आपण घरावर ओझं झालो असं एकदा बाईच्या मनात बसलं की ती औषध चोरून टाकते, फळ मुलांना देते, दुखतंय ते सांगत नाही. हे मी एकटीनं केलेलं नाही. अकरा वर्षांत अशा बऱ्याच भेटल्या.

शरीराचं बोलायला तुला संकोच वाटेल, मलाही वाटतोय. पण मी नाही बोलले तर कोण बोलणार? ऑपरेशन झालं की काखेखाली नळी आणि बाटली असते, तिच्यात लालसर पाणी साठतं. ते रोज मोजून टाकायचं असतं. नर्सनं ह्यांना शिकवलं. पहिल्या दिवशी ह्यांनी बाटली धरली ती तोंड फिरवून. मला वाटलं, संपलं. ह्यांना आता माझी किळस येणार. पण मोजायचं तर रेघ बघावी लागते, आणि रेघ बघायची तर इकडं बघावं लागतं. वहीत १२० लिहिलं. मग ९०. मग ५५. आकडा कमी झाला की हे खूष व्हायचे, नफा झाल्यासारखे. तीसच्या खाली आल्यावर नळी निघाली, तोवर ह्यांची नजर सरावली होती. मी आरशात बघायच्या आधी त्यांनी बघितलं होतं. तुझ्यावर पट्टीचं काम आलं तर नर्सवर ढकलू नकोस.

एक चूक मात्र त्यांनी केलीच. घरी आल्यावर अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. "तुला मोकळं झोपता यावं म्हणून." मनापासून म्हणत होते. मी रात्रभर दाराच्या फटीतून येणारा उजेड बघत पडायची आणि मनाशी म्हणायची, सुरुवात झाली. पंधरा दिवसांनी सासूबाईंच्या लक्षात आलं, त्यांनीच झापलं त्यांना. अंथरूण हलवू नकोस. हाताला लागेल म्हणून भीती वाटत असेल तर मधे उशी ठेव. बाकीच्या गोष्टी तिला बरं वाटेल तेव्हा, तिच्या मनानं. केमोनंतरचे काही दिवस काय काळजी घ्यायची ते डॉक्टरला सरळ विचार, तो काही हसणार नाही. पण नुसतं शेजारी निजायला, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

केसांचं आठवलं म्हणून. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. हल्ली काही नवरे बायकोबरोबर स्वतःचंही डोकं भादरून घेतात म्हणे. आपल्या गावात असं केलंस तर लोक दारात येऊन विचारतील, कोण गेलं? ते करू नकोस. काका पहाटे माझ्या आधी उठून मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढून टाकायचे. मला ते माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. रिपोर्ट लपवणं आणि हे, ह्यातला फरक तुला कळेल.

सासूबाईंनी झापलं म्हणाले खरं, पण त्याच सासूबाईंनी आधी माझं ताट-वाटी-भांडं वेगळं काढलं होतं. वाईट हेतूनं नाही. त्यांच्या पिढीत क्षय बघितलेला, हाही तसाच लागत असेल असं वाटायचं. कॅन्सर काही उष्ट्यापाष्ट्यातून लागत नाही. उलट केमोत पेशंटची ताकद कमी झालेली असते, जपायचं ते आपल्या सर्दी-खोकल्यापासून तिला. पण हे आईला तोंडानं समजावणं काकांच्यानं झालं नसतं. एका दुपारी मी ताकभात अर्धा टाकून उठले. हे सासूबाईंच्या देखत माझ्या त्या वेगळ्या ताटाशी बसले आणि उरलेला भात खाल्ला, वरून मीठ मागितलं. संध्याकाळी माझं ताट बाकीच्या ताटांच्या चळतीत होतं. तुझ्या घरी असं काही झालं तर भाषण देऊ नकोस.

भेटायला येणाऱ्यांचा दरवान तू हो. दारातच सांग, दहा मिनिटं. "आमच्या शेजारणीला पण असंच होतं, चारच महिने काढले" म्हणणारी एक तरी येतेच. कुणी गव्हांकुराचा रस आणेल, कुणी गोमूत्र, कुणी कुठल्या बाबाचा अंगारा. अंगारा लावून घ्या, त्यानं काही बिघडत नाही. पोटात जायचं असेल ते डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. हे 'नको' तू म्हण. तिनं म्हटलं तर सासरच्यांना ती उर्मट वाटते.

आणि ते 'हिंमत ठेव', 'पॉझिटिव्ह राहा' कमी कर. मला त्या शब्दाचा वीट आलाय. सगळे तिला हिंमत द्यायला लागले की तिला सगळ्यांसमोर हिंमत दाखवत बसावं लागतं. मग ती तुला घाबरवायचं नाही म्हणून हसते, तू तिला घाबरवायचं नाही म्हणून हसतोस, आणि घरात दोन नट होतात, प्रेक्षक कुणीच नाही. मी एकदा चौथ्या डोसाच्या सुमाराला रात्री म्हटलं, "मी मेले तर?" कुणीही म्हटलं असतं, अभद्र बोलू नकोस. हे वहीत काहीतरी लिहीत होते. पेन खाली ठेवलं, बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पोरांना मी बघेन. मला भीती वाटते, पण बघेन. पण गॅसचं पुस्तक कुठं असतं ते मला आजतागायत माहीत नाही, ते तेवढं सांगून ठेव." मला इतकं हसू आलं की टाक्यांची जागा दुखली. मग रडू आलं. मग झोप लागली, कित्येक दिवसांनी.

खाण्याचं थोडक्यात. फोडणीचा वास सहन होत नाही, तेव्हा खमंग करायला जाऊ नका. माझ्या तोंडाला लोखंडाची चव यायची, स्टीलच्या चमच्यानं तर जास्तच. ह्यांनी जत्रेतून लाकडी चमचा आणला. गार आमसुलाचं सार, ताकभात, मुगाचं पातळ वरण एवढंच जायचं. ताटात थोडं वाढ आणि तिथून ऊठ. समोर बसून घास मोजू नकोस. ताप मात्र मोज. केमोच्या काळात १००.४ च्या वर ताप गेला तर घरातली गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजलेले असले तरी निघायचं. आणि ऑपरेशन ज्या बाजूचं, त्या हाताला कुणी सुई टोचायला किंवा बीपीचा पट्टा बांधायला लागला तर तू आधी बोल, "ह्या हाताला नको, दुसरा घ्या." मला पुढं कितीतरी वर्षं नर्सच्या आधी हे बोलायचे. ते ऐकताना जे वाटायचं ते मी तुला सांगत बसत नाही.

तुझ्या चुलतभावाच्या बायकोलाही हे पत्र वाचायला दे. तिच्या नवऱ्याचं तोंडाचं ऑपरेशन झालंय, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, "किती वेळा सांगितलं, तंबाखू सोडा." खरं आहे तिचं, वीस वर्षं सांगितलं तिनं. पण त्याच्या नाकात नळी आहे, जिभेला टाके आहेत, त्याला उत्तर देता येत नाही. उत्तर देता न येणाऱ्या माणसाशी भांडू नये. त्याला पाटी-पेन्सिल आणून दे म्हणावं. आमच्याकडे असा एक गृहस्थ होता. त्याच्या बायकोनं पाटी आणली, आणि त्यानं त्या पाटीवर पहिलं लिहिलं, 'चहा.' नळीतून जाणार होता तो, चव कळणार नव्हती. तरी तिनं आलं घालून केला, त्याच्या नाकाशी धरला, मग गाळून नळीतून दिला.

उपचार संपले की तुला वाटेल सुटलो. तिथंच जपायचं. डोस चालू असतात तेव्हा काहीतरी करत असल्यासारखं असतं, ते संपल्यावर बाई रिकामी होते आणि भीती तेव्हा येऊन बसते. मला पाच वर्षं हार्मोनची गोळी होती. घामाच्या आंघोळी, चिडचिड, रात्री पंखा लाव-बंद कर. हे एकदा म्हणाले, "आता तर बरी झालीस ना?" त्या 'आता तर'नं मी दोन दिवस बोलले नाही. तपासणीच्या आधी आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर नसायचा, साध्या पाठदुखीनंही वाटायचं, आलं परत. पहिल्या वर्षी सगळे बरोबर येतात. पाचव्या वर्षी बरोबर येणारा तोच खरा.

आणि तू? तुला रडू येईल, ते तिच्यासमोर थोडं आलं तर येऊ दे. पण सगळा भार तिच्यावर टाकू नकोस, नाहीतर आजारी ती आणि समजूत तुझी, असं व्हायचं. काका देवभोळे नव्हते, तरी सायकल काढून नरसोबाच्या वाडीला जायचे आणि घाटावर तासभर बसून यायचे. काय करायचे कुणास ठाऊक. परत आले की बोलण्यात मऊपणा असायचा. तू माझ्याकडे ये. मला काही लपवायचं नाही, मी सगळं बघितलंय.

काका जाऊन चार वर्षं झाली. वही माझ्यापाशी आहे, ती शनिवारी कुरिअरनं पाठवते. शेवटच्या पानावर डोसांच्या नोंदी संपल्यावर एक तारीख आहे आणि खाली लिहिलंय, 'आज दोन पोळ्या. तिनं स्वतः केल्या. एक करपली.' ते तिला दाखव. तुमच्यासाठी नवी वही घे, आणि पहिल्या पानावर काय लिहायचं ते तिला ठरवू दे.

रविवारी सकाळी मी फोन करेन. तू उचलू नकोस.